खांदेरीचे बेट आणि वल्ह्यांचे गणित

२०२४ च्या रब्बीच्या तोंडावर आमच्या टेंभुर्णीच्या बाजारात डीएपी खताची पोती मिळेनाशी झाली. हरभऱ्याच्या पेरणीची घाई, ओल उडून चाललेली, आणि दुकानासमोर सकाळपासून रांग. वर्गात नववीच्या मुलांशी याविषयी बोलताना आम्ही सांगितले, की टंचाईला एकच कारण नसते. पण त्या वर्षी खताची जहाजे तांबड्या समुद्रातून न येता आफ्रिकेला वळसा घालून येत होती, हेही त्यातले एक कारण आहे. त्यावर एक मुलगा म्हणाला, "सर, खत तर आपल्या मातीत टाकायचं. मग समुद्रातलं भांडण आपल्याला कशाला आडवं यावं?"

प्रश्न बरोबर होता. टेंभुर्णी हे जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातले गाव. मुंबईचा किनारा येथून सरळ रेषेतही तीनशे किलोमीटरच्या वर आहे. आमच्या शिवारातले पावसाचे पाणी पूर्णेतून गोदावरीला आणि तिथून पार बंगालच्या उपसागराला जाते; म्हणजे पश्चिम समुद्राशी आमचे पाण्याचेही नाते नाही. वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र चित्रातच पाहिलेला. अशा मुलांना आरमार, नाकेबंदी, सागरी सत्ता हे शब्द कसे समजावून सांगावेत, याचा विचार करताना आम्हाला जालन्याच्याच इतिहासातली एक तारीख सापडली.

१६७९ चा नोव्हेंबर महिना. दिलेरखानाने विजापूरला वेढा घातला होता. त्याच्यावरचा दाब कमी व्हावा म्हणून शिवाजी महाराज मोगली मुलखात घुसले, आणि जालनापूर म्हणजे आजचे जालना हे भरलेले व्यापारी शहर त्यांच्या फौजेने चार दिवस लुटले. परतीच्या वाटेवर मोगली फौजेशी मोठी लढाई झाली आणि महाराज पट्टा किल्ल्यावर पोचले. तो पुढे विश्रामगड म्हणून ओळखला जाऊ लागला. हा भाग आमच्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतो. पण नेमक्या याच दिवसांत, सप्टेंबर १६७९ ते जानेवारी १६८० पर्यंत, मुंबईच्या दक्षिणेला खांदेरी नावाच्या बेटाभोवती याच राज्याचे आरमार इंग्रजांशी आणि जंजिऱ्याच्या सिद्दीशी झुंजत होते, हे सहसा एकत्र सांगितले जात नाही. पाठ्यपुस्तकात जालन्याची स्वारी एका पानावर आणि आरमार दुसऱ्या पानावर असते. प्रत्यक्षात दोन्ही एकाच हंगामातल्या घटना होत्या.

हंगाम हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. दसरा झाला, नद्या उतरल्या, की घोडदळ बाहेर पडे. समुद्राचेही तसेच. जूनपासून नैर्ऋत्येचा वारा किनाऱ्यावर आदळत असतो, तेव्हा शिडाची लहान जहाजे खाड्यांत ओढून ठेवावी लागत. नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू दर्या उघडतो. मराठ्यांनी खांदेरीवर माणसे उतरवली ती १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस, समुद्र पुरता निवळण्याआधी. मायनाक भंडारी यांच्या हाताखाली दीडशे माणसे आणि चार लहान तोफा, एवढीच ती तुकडी होती. त्यांनी दगड रचून तटाचे काम सुरू केले.

आता हे बेट पाहू या. अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यापासून खांदेरी चार-पाच किलोमीटर आत आहे. मुंबई तिच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर. बेट लहानच, त्यावर दोन टेकड्या. थळ आणि खांदेरी यांच्या मध्ये आणखी एक बेट आहे, त्याचे नाव उंदेरी. या दुसऱ्या बेटाची गोष्ट पुढे येईल.

खांदेरीवरच्या तोफांनी मुंबई बंदराचे तोंड बंद केले, असे कधीकधी लिहिलेले आढळते. ते खरे नाही आणि शक्यही नव्हते. त्या काळची तोफ नेम धरून काही शे मीटर मारा करी. वीस किलोमीटरवरच्या बंदराला तिचा काय धाक? मग इंग्रज एवढे अस्वस्थ का झाले? याचे उत्तर दहावीच्या भूमितीत आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे समुद्रावर आपल्याला किती लांबचे दिसेल, हे आपल्या उंचीवर ठरते. पृथ्वीची त्रिज्या ६३७० किलोमीटर आणि टेहळ्याची उंची २५ मीटर धरून पायथागोरसचा सिद्धांत लावला, तर क्षितिज सुमारे १८ किलोमीटरवर येते. समोरच्या जहाजाची डोलकाठी १६ मीटर उंच असेल, तर तिचे टोक आणखी १४ किलोमीटर पलीकडून दिसू लागते. म्हणजे एका टेकडीवर बसलेला माणूस ३२ किलोमीटरवरचे शीड टिपू शकतो. मुंबईत शिरणारे आणि मुंबईहून निघणारे प्रत्येक जहाज या नजरेच्या टप्प्यात येते. खांदेरी ही तोफ नव्हती, तो डोळा होता. आणि त्या डोळ्याच्या पायथ्याशी गलबते उभी असली, तर दिसलेल्या जहाजाच्या मागे धावताही येई.

हा डोळा कोणाकोणाला खुपत होता? त्या वेळी कोकणच्या समुद्रावर चार सत्ता होत्या. पोर्तुगीज सर्वांत जुने. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून त्यांनी असा नियम बसवला होता, की आमचा परवाना घेतल्याशिवाय कोणी समुद्रावर व्यापार करू नये. परवाना नसेल तर जहाज पकडले जाई. (आपला 'आरमार' हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आला आहे.) इंग्रज मुंबईत होते. जंजिऱ्याचा सिद्दी आपल्या अभेद्य किल्ल्यात होता. मोगलांची ताकद सगळी जमिनीवरची. पश्चिम किनाऱ्यावर त्यांना आरमार हवे होते, पण स्वतः ते उभारण्याऐवजी त्यांनी १६७० नंतर सिद्दीलाच पदरी घेतले आणि त्याचा खर्च सुरतेच्या महसुलातून भागवला. चौथी सत्ता मराठ्यांची, आणि ती सर्वांत नवी. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर महाराजांनी जहाजे बांधायला सुरुवात केली, १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला, आणि १६६५ मध्ये कर्नाटकातल्या बसरूरवर समुद्रमार्गे स्वारी केली.

सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या आश्रयाला येऊन राही. इंग्रजांना ते मनातून नको असे. पण सिद्दी बादशहाचा चाकर, आणि कंपनीचा मोठा व्यापार बादशहाच्या सुरतेत. नाही म्हणण्याची सोय नव्हती. तेव्हा खांदेरीवर मराठे बसले, म्हणजे सिद्दीच्या घरट्याच्या दारात पहारा बसला आणि मुंबईच्या व्यापारावर नजर आली. इंग्रजांनी बेटावर आपला हक्क सांगितला आणि जहाजे पाठवली.

इथून पुढे लढाईची हकीकत आहे, पण ती नीट कळायला दोन गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतील. एक वाऱ्याची आणि एक होडीच्या आकाराची.

वाऱ्याची गोष्ट आपण सातवी-आठवीत शिकवतोच. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे वाहतात. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र त्या मानाने ऊबदार राहतो, आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. कारण कोरड्या मातीचा विशिष्ट उष्मा पाण्याच्या सुमारे एक पंचमांश असतो. शिवाय पाणी ढवळले जाते आणि उष्णता खोलवर पसरते, मातीत ती वरच्या थरातच राहते. टेंभुर्णीत समुद्र नसला तरी हे दाखवता येते. दोन सारखी पातेली घ्यावीत, एकात कोरडी माती, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे पाणी. उन्हात ठेवून दर दहा मिनिटांनी तापमापी वाचावी, मग सावलीत आणून पुन्हा वाचावी. आमच्या मुलांनी दोन्ही आलेख एकाच कागदावर काढले. ते एकमेकांना छेदतात तो क्षण म्हणजे वारा पडण्याची वेळ, हे एका मुलीने न सांगता ओळखले. (नेमके बोलायचे तर खऱ्या किनाऱ्यावर ती वेळ थोडी मागेपुढे होते; पण कल्पना तिने बरोबर पकडली.)

पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोरदार वारा या रोजच्या खेळाला झाकून टाकतो. ऑक्टोबरपासून तो ओसरला, की कोकण किनाऱ्यावर खारे आणि मतलई वारे आपली पाळी सुरू करतात. पहाटे वारा असलाच तर जमिनीकडून आणि मंद. सकाळी मध्येच काही वेळ अगदी पडलेला. दुपारनंतर समुद्राकडून भरभरून. ज्याचे तळ किनाऱ्यावरच्या खाड्यांत आहेत, त्याला पहाट अनुकूल असते. ज्याची जहाजे बाहेर नांगरून उभी आहेत, त्याला दुपार.

आता आकाराची गोष्ट. आज आपण 'गलबत' हा शब्द कोणत्याही जहाजाला वापरतो, पण त्या काळी तो एका विशिष्ट प्रकाराला होता. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने या जहाजांची मापे लिहून ठेवली आहेत. गलबत फार तर ७० टनांचे, दोन डोलकाठ्यांचे, हलक्या लहान तोफांचे. त्याला ४० ते ५० वल्ही, आणि वल्ह्यांवर ते ताशी चार मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर जाई. गुराब त्याहून मोठी, १५० ते ३०० टनांची, पुढे निमुळत्या नाळेची. तिच्या जड तोफा नाळेवरून समोर मारा करीत. वारा पडला की गलबते दोर बांधून गुराबेला ओढून नेत.

मोठे जहाज वल्हवत का नेत नाहीत? मुले म्हणतात, माणसे जास्त लावा. येथे गणित आडवे येते. एका होडीची लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही दुप्पट करा. घनफळ आठपट होते, म्हणून वजनही आठपट. पण वल्ही होडीच्या दोन्ही कडांना ओळीने बसतात. कडा फक्त दुप्पट झाली, म्हणून वल्हीही दुप्पटच. एका वल्ह्याच्या वाट्याला येणारे वजन चौपट झाले. थांबलेले जहाज हलवायचे किंवा वळवायचे असेल, तर ही चौपट अंगावर येते. सारख्या वेगाने जाताना पाण्याचा विरोध भिजलेल्या पृष्ठभागाप्रमाणे चौपट वाढतो, तेव्हा तिथेही प्रत्येक वल्हेकऱ्याला दुप्पट ओढावे लागते. शिवाय कठडा उंच गेल्यामुळे वल्हे लांब आणि उभे धरावे लागते ते निराळेच. म्हणून एका मर्यादेपलीकडे जहाज वाढले, की ते पूर्णपणे वाऱ्याच्या स्वाधीन होते.

याच दुपटीचा दुसरा परिणाम खोलीवर होतो. प्रत्येक माप दुप्पट, म्हणजे पाण्यात बुडणारा भागही दुप्पट. मीटरभर पाण्यात तरंगणारी होडी आता दोन मीटर मागते. कोकणच्या खाड्यांच्या तोंडांशी वाळूचे दांडे असतात, बेटांभोवती खडक असतात. जिथे भरतीलाच काय ते थोडे पाणी, तिथे लहान होडी आत जाते आणि मोठे जहाज बाहेर थांबते.

मग मोठ्या जहाजाचा फायदा काय? फायदाही त्याच आठपटीत आहे. आठपट वजन पेलणारे जहाज जड तोफा वाहते, जाड फळ्यांचे असते, आणि महिनोन्‌महिने खोल समुद्रात राहू शकते. त्याच्या बाजूंना तोफांच्या रांगा असतात. वारा भरलेला असताना त्याच्या अंगावर जाणे म्हणजे मरण. पण त्याच्या पुढच्या आणि मागच्या तोंडाला तोफा थोड्या. वारा पडला, की ते वळू शकत नाही, आणि वळता आले नाही तर बाजूच्या तोफांचा उपयोग नाही. लहान गलबतांनी अशा वेळी मागून किंवा पुढून यावे, हे ओघानेच आले.

आता पुन्हा १६७९ च्या खांदेरीवर येऊ. सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या पहिल्या लहान होड्यांनी बेटाला वेढण्याचा प्रयत्न केला. त्यांचा एक अधिकारी माणसे घेऊन बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. ऑक्टोबरमध्ये कॅप्टन रिचर्ड केग्विन मोठा ताफा घेऊन आला. त्यात 'रिव्हेंज' हे तोफांचे जहाज, दोन गुराबा आणि काही शिबाडे व मचवे होते. १८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठ्यांचे आरमार दौलतखानाच्या हुकमतीखाली किनाऱ्याकडून चालून आले. चाळीस ते साठ गलबते होती. ती नाळेवरच्या तोफा डागत इतक्या वेगाने आली, की नांगरून उभ्या असलेल्या इंग्रज जहाजांना शिडे चढवायलाही पुरता वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासाच्या आत 'डव्ह' नावाची गुराब शिडे उतरवून शरण आली. बाकीच्या होड्या दूर पळाल्या. 'रिव्हेंज' एकटी उरली.

(शिक्षकांसाठी एक सूचना: ही तारीख इंग्रजांच्या जुन्या पंचांगाची आहे. इंग्लंडने तेव्हा नवे पंचांग स्वीकारले नव्हते, म्हणून आजच्या गणनेने तो दिवस २८ ऑक्टोबर येतो. शिवकालीन तारखांचा घोळ पुष्कळदा या दहा दिवसांचा असतो.)

इथपर्यंतची हकीकत सांगितली, की मुले टाळ्या वाजवतात. पुढचे सांगायचे राहू नये. एकट्या 'रिव्हेंज'ने आपल्या जड तोफांनी गलबतांचा मारा झेलला, त्यांना जवळ येऊ दिले नाही, आणि शेवटी मराठी आरमाराला माघार घेऊन नागोठण्याच्या खाडीत शिरावे लागले. म्हणजे वल्ह्यांचे आणि तोफांचे, दोन्ही गणितांचे उत्तर एकाच सकाळी मिळाले. उथळ पाण्यात आणि पडलेल्या वाऱ्यात चपळाई जिंकली. समोरासमोरच्या माऱ्यात वजन जिंकले. दोन्ही बाजूंना आपण जिंकलो असे म्हणता येण्यासारखी ही लढाई होती.

खरा निकाल त्या दिवशी लागलाच नाही. तो पुढच्या तीन महिन्यांतल्या काळोख्या रात्रींनी लावला. बेटावरच्या माणसांना दाणा, दारूगोळा, चुना-दगड पोचत राहिले तर बेट टिकणार होते. थळपासून खांदेरीपर्यंतचे पाच किलोमीटर अंतर ताशी साडेसहा किलोमीटरने कापायला किती वेळ लागतो? पाऊण तास. मराठ्यांच्या होडीला एका रात्रीत कुठलाही एक पाऊण तास मोकळा मिळाला की पुरे. उलट इंग्रजांना तो एकही पाऊण तास मोकळा सोडून चालणार नव्हते. दर रात्री, रात्रभर, खडकाळ पाण्यात जागता पहारा ठेवायचा होता. जहाजांचे भाडे, खलाशांचा पगार, सैनिकांचे आजारपण रोज चढत होते. कंपनी व्यापारासाठी आलेली, आणि खर्चाचा हिशेब विचारणारे वरिष्ठ सुरतेत बसलेले.

नाकेबंदी करणारा आणि ती चुकवणारा यांच्यातली ही विषमता आम्हाला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते. समुद्रावर सत्ता गाजवण्याचे दोन अर्थ आहेत. एक, समुद्र आपल्याला निर्वेध वापरता येणे. दुसरा, तो दुसऱ्याला निर्वेध वापरू न देणे. अमेरिकन नौदल अधिकारी आल्फ्रेड महान याने १८९० मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध ग्रंथात पहिल्या अर्थावर भर दिला, आणि मोठमोठ्या युद्धनौकांच्या शर्यतीला त्याच्या विचारांनी खतपाणी मिळाले. पण दुसरा अर्थ स्वस्त आहे. तो लहान राज्यालाही परवडतो.

नोव्हेंबरात सिद्दीचे आरमार इंग्रजांच्या मदतीला आले. तेच दिवस जालन्याच्या स्वारीचे. १६८० च्या जानेवारीत सिद्दीने एक हुशार खेळी केली: त्याने खांदेरीऐवजी उंदेरी घेतली आणि तिथे तोफा चढवल्या. उंदेरी थळ आणि खांदेरी यांच्या मध्ये आहे, हे आपण वर पाहिले. त्या पाऊण तासाच्या वाटेवरच त्याने पहारेकरी बसवला. इंग्रजांना मात्र आता हा खर्च नको होता. त्याच महिन्यात त्यांनी मराठ्यांशी समेट केला, जहाजे परत बोलावली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. पुढे कित्येक वर्षे ही दोन बेटे समोरासमोर तोफा रोखून उभी होती. डोळ्यापुढे बोट धरावे तसा हा प्रकार.

या अनुभवाचे सार काही वर्षांनी लिहून ठेवले गेले. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात आरमाराला राज्याचे एक वेगळे अंगच मानले आहे. गुराबा फार थोर नको, फार लहान नको, मध्यम असाव्यात. आणि वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही अशी अवजड जहाजे बांधण्याचे कारण नाही, असा त्याचा आशय आहे. लाकूड कुठून आणावे, रयतेची आंब्या-फणसाची झाडे तिच्या संमतीवाचून का तोडू नयेत, हेही त्यात येते. वरचे वल्ह्यांचे गणित अमात्यांनी मांडलेले नाही, पण उत्तर तेच लिहिले आहे.

हे उत्तर पुढे कान्होजी आंग्रे यांनी वापरले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी झालेल्या करारानंतर किनाऱ्यावरचा त्यांचा अधिकार पक्का झाला. खांदेरीही त्यांच्याकडे आली. पोर्तुगिजांप्रमाणे त्यांनीही आपले परवाने द्यायला सुरुवात केली: या पाण्यातून जायचे तर आमचे दस्तक घ्या. इंग्रजांनी त्यांना चाचे म्हटले. पोर्तुगीज हेच दोनशे वर्षे करीत आले होते, तेव्हा त्याला कायदा म्हणत, एवढाच फरक. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. दोन्ही वेळा हात हलवत परत गेले. भरती-ओहोटीने वेढलेला कुलाबा मोठ्या जहाजांच्या तोफांना नीट साधत नव्हता.

पण या पद्धतीची मर्यादाही ओळखून ठेवली पाहिजे. लहान आरमार उथळ पाणी सांभाळते. खोल समुद्र मोठ्या जहाजांकडेच राहतो, आणि ती जहाजे हजारो मैलांवरून माणसे, तोफा, पैसा आणत राहतात. ते आरमार आपल्याच बंदरात कोंडले गेले तर त्याची चपळाई संपते. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गला असेच झाले. तुळाजी आंग्रे आणि पेशवे नानासाहेब यांचे बिनसले होते. पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. अॅडमिरल वॉटसनची जहाजे वाघोटनच्या खाडीत शिरली. तुळाजींची जहाजे किल्ल्याखाली एकमेकांना बांधून उभी होती. एक पेटले आणि आग शेजारून शेजारी पसरत सारे आरमार जळाले. वाऱ्यावर आणि वल्ह्यांवर पळणारी जहाजे दोराने बांधलेली असताना जळाली, आणि तीही आपल्याच राज्याच्या संमतीने. आमच्या मते मराठ्यांच्या सागरी इतिहासातला सर्वांत महाग दिवस तो. धन्याला आपल्या आरमाराची किंमत कळली नाही, असे म्हणावेसे वाटते. पण तुळाजीही पेशव्यांना जुमानत नव्हते, हे विसरून न्याय करता येणार नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. तांबड्या समुद्राचे दक्षिण दार म्हणजे बाब-अल-मांदेबची सामुद्रधुनी. ती सुमारे तीस किलोमीटर रुंद आहे, म्हणजे खांदेरीच्या टेकडीवरून शीड दिसावे एवढीच. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनमधील हुथी गटाने तिथून जाणाऱ्या व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. त्यांच्याकडे मोठे आरमार नव्हते. किनाऱ्यावरून सोडलेली क्षेपणास्त्रे, ड्रोन आणि लहान होड्या होत्या. सामुद्रधुनी त्यांनी बंद केली नाही, तशी ती बंद करता येण्यासारखीही नव्हती. प्रत्येक फेरीत धोका आहे, एवढेच त्यांनी दाखवले. विम्याचे दर वाढले आणि बड्या जहाज कंपन्यांनी आपणहून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा रस्ता धरला. अनेक देशांच्या नौदलांनी, आपल्याही, त्या भागात युद्धनौका ठेवल्या. त्यांना रोजचा पहारा. समोरच्याला एखादाच मोकळा पाऊण तास पुरे.

डीएपीच्या जहाजांना त्यामुळे सुमारे साडेसहा हजार किलोमीटरचा जादा फेरा पडला, असे २०२४ मध्ये केंद्र सरकारने सांगितले होते. वर्गात आम्ही हिशेब केला. मालवाहू जहाज ताशी २२ किलोमीटर जाते असे धरले, तर दिवसाला ५२८ किलोमीटर, आणि साडेसहा हजारांना बारा दिवस. "बारा दिवसांत जमिनीची ओल उडते," असे तोच मुलगा म्हणाला.

शिक्षकांना हा पाठ घ्यायचा असेल तर दोन गोष्टी सुचवतो. चिकणमातीच्या दोन होड्या कराव्यात, एकीची तिन्ही मापे दुसरीच्या दुप्पट. भिंतींची जाडीही दुप्पट ठेवावी, नाहीतर गणित बिघडते. त्या टबात सोडून, किती बुडतात ते काडीवर खूण करून मोजावे. आणि गावात पाण्याची उंच टाकी असेल, तर तिची उंची सावलीवरून काढून क्षितिजाचे अंतर मुलांना काढायला सांगावे. वीस मीटरच्या टाकीला उत्तर सुमारे सोळा किलोमीटर येते. टेंभुर्णीला मध्ये टेकड्या येतात म्हणून प्रत्यक्षात तेवढे दिसत नाही. ते का, हेही मुलांनाच विचारावे.